बंदरावरचं तळण

समुद्राकडे काचा असलेल्या चकचकीत एशियन फ्यूजन रेस्तराँत कोळंबीचा टेंपुरा मागवला, की तो अस्सल जपानी म्हणून ताटात येतो. खरं तर त्याचं फ्यूजन चारशे वर्षांपूर्वीच झालं आहे, आणि त्याच्या वाटेवर आपला गोवा लागतो.

१५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला उतरला. १५७१ पासून नागासाकीला पोर्तुगीजांची जहाजं लागू लागली: गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी. त्याच जहाजांच्या राबत्यात 'पांव' आपल्याकडे पाव झाला आणि जपानात 'पान'. पिठात बुडवून तळायची रीतही तशीच गेली. पोर्तुगालात आजही फरसबी अशी तळतात आणि तिला 'मळ्यातल्या मासोळ्या' म्हणतात. टेंपुरा हे नाव कोणी कॅथलिकांच्या उपासाच्या 'तेंपोरा' दिवसांवरून आलं म्हणतात, कोणी मसाल्याच्या 'तेंपेरो'वरून. मला उपासाचं मूळ जास्त भावतं. त्या दिवशी मांस वर्ज्य, मासे-भाज्या चालत. आणि बौद्ध वळणाच्या जपानलाही तेच मानवणारं होतं.

१६३९ मध्ये पोर्तुगीजांना देशाबाहेर काढलं. तळण राहिलं.

ते वाढलं एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत. शहर लाकडी घरांचं, आगीची कायमची धास्ती. उकळत्या तेलाची कढई घरात नको, म्हणून तळणारे उघड्यावर गाड्या लावत. समोरच्या खाडीतली ताजी कोळंबी, वाम, काडीला टोचून तळायची. गिऱ्हाइकाने उभ्यानेच सोया सॉसच्या पातळ रसात बुडवून, किसलेल्या मुळ्याबरोबर खायची. त्या मासळीला 'एदोमाए' म्हणत, म्हणजे एदोच्या पुढ्यातली. पाण्याकाठच्या आजच्या महागड्या टेबलाची थोरली पाती ही गाडी आहे.

जपान्यांनी या तळणाला जे दिलं ते पिठात आहे. गव्हाचं पीठ, अंडं, बर्फासारखं गार पाणी, आणि ढवळणं जेमतेम. गुठळ्या राहिल्या तरी चालतात. जास्त ढवळलं की गव्हातलं ग्लुटेन ताणतं आणि कवच चिवट होतं. बेसनात ग्लुटेन नसतं, म्हणून भज्यांचं पीठ आपण हात दुखेपर्यंत फेटतो. टेंपुरा करणारा मात्र चॉपस्टिक चार वेळा फिरवतो आणि थांबतो.