जें तपासलें, तेंच वाटलें का?



पाथर्डीच्या माळावरील शेतकऱ्याची बाजरी सातबाऱ्यावर लागते कीं नाहीं, हें पूर्वीं तलाठ्याच्या लेखणीवर अवलंबून असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, आणि शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून, मोबाईलवर पिकाचें छायाचित्र घेऊन नोंद करूं लागला. त्या वेळचे महसूलमंत्री बाळासाहेब थोरात हे अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील संगमनेरचे. नुकसानभरपाईच्या वेळीं ही नोंद पाहिली जाते. तेव्हां असें ॲप ऐन बांधावर बंद पडलें, तर ती केवळ यंत्राची खोड राहत नाहीं. म्हणून ॲपची परीक्षा कशी घेतात, याचा अल्पसा इतिहास आज सांगावयाचा आहे.

अँड्रॉइड ही मोबाईलची कार्यप्रणाली २००८ सालीं बाजारांत आली, तेव्हांपासूनच तिच्यांत ‘इन्स्ट्रुमेंटेशन’ नांवाची सोय आहे. मूळ ॲपबरोबर दुसरें एक परीक्षक ॲप फोनवर घालावयाचें. तें पहिल्याचीं बटणें दाबतें आणि पडद्यावर अपेक्षित तेंच उमटलें कीं नाहीं, हें ताडून पाहतें. पुढें २०१३ सालीं गूगलनें अँड्रॉइड स्टुडिओ व त्यासोबत ग्रेडलवर आधारलेली बांधणीची नवी पद्धत जाहीर केली. एकाच मूळ लिखाणांतून ॲपचीं अनेक रूपें काढणें त्यामुळें सोपें झालें. एक ‘डिबग’, म्हणजे कारागिराच्या हाताखालचें; दुसरें ‘रिलीज’, म्हणजे लोकांस वाटावयाचें. त्यांत विनामूल्य व सशुल्क असा भेद मिळविला, कीं दोहोंचीं चार रूपें झालीं.

येथेंच ग्यानबाची मेख आहे. वेगळें कांहीं सांगितलें नाहीं, तर परीक्षा होते ती डिबग रूपाची. रिलीज रूप काढतांना मात्र ॲप हलकें व्हावें म्हणून पुष्कळदां निरुपयोगी वाटणारा भाग छाटतात आणि आंतील नांवें आखूड करतात. मग एखाद्या भागास जुन्या नांवानें हांक मारली, तर तो सांपडत नाहीं. परीक्षेंत उत्तीर्ण झालेलें ॲप अशा वेळीं लोकांच्या हातांत बंद पडतें.

उपाय अवघड नाहीं. बांधणीच्या फाइलींत ‘टेस्ट बिल्ड टाइप’ या एका ओळीनें कोणत्या रूपाची परीक्षा घ्यावयाची, तें ठरवितां येतें. जाणते कारागीर रिलीजचीच एक प्रतिकृति करतात: छाटणी तीच, फक्त सही परीक्षेपुरती वेगळी, कारण परीक्षक व परीक्ष्य या दोहोंवर सही एकच असावी लागते. यास वेळ अधिक लागतो. म्हणून रोजची परीक्षा डिबगवर आणि वाटपापूर्वींची या प्रतिकृतीवर, अशी वाटणी सोयीची पडते.

शाळातपासनीस येणार म्हटलें, कीं निवडक मुलें पुढें बसवावयाचीं, ही युक्ति आम्हां शिक्षकांस परिचित आहे. तीं मुलें पास होत. वर्ग कसा आहे, हें मात्र तपासनिसास कळत नसे. सरकारी ॲप ‘तपासलेलें आहे’ असें कोणी सांगितलें, तर नागरिकानें एवढेंच विचारावें, कीं तपासलें तें कोणतें रूप?