बंब येईपर्यंत

मराठीत 'बंब' हा शब्द दोन वस्तूंना आहे. एक न्हाणीघरातला पाणी तापवायचा तांब्याचा बंब आणि दुसरा आगीचा बंब. एकाच्या पोटात आग असते ती पाणी तापवायला, दुसऱ्याच्या पोटात पाणी असतं ते आग विझवायला! शब्द मूळचा पोर्तुगीज. त्यांच्या भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप. आपली 'बादली'सुद्धा त्यांच्याकडूनच आली. किनाऱ्यावरच्या भाषेत असे पाहुणे शब्द पुष्कळ. गंमत अशी की बादली आमच्या गावात घरोघर पोचली, बंब मात्र शहरातच राहिला. तो शहरात कसा आला, त्यावर कोण चढलं आणि आमच्यासारख्या गावापर्यंत तो का पोचला नाही, हे आज लिहायचं आहे. माझ्या भाचरांपैकी बरीच मुंबई-पुण्यात उंच इमारतींत राहतात, त्यांनी तर जरूर वाचावं.

मुंबईपासून सुरुवात करू. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, प्रचंड आग लागली. तटाच्या आत घरं, दुकानं, गोदामं एकमेकांना खेटून उभी. वस्तीचा मोठा हिस्सा जळाला. त्यानंतर सरकारने किल्ल्यातली दाटी कमी करायचं मनावर घेतलं आणि देशी वस्ती तटाबाहेर मांडवी, भुलेश्वरच्या बाजूला वाढत गेली. आज जुनी मुंबई म्हणून आपण जे भाग दाखवतो त्यांच्या वाढीमागे ही एक आगही आहे.

पुढे बरीच वर्षं मुंबईत आग विझवण्याचं काम पोलीस खात्याकडे होतं. चोर पकडायचे त्यांनीच आणि आगही विझवायची त्यांनीच. घोड्यांच्या गाड्यांवर पंप असत. १८८८ साली मुंबई महापालिकेचा कायदा झाला. अग्निशमन दल ठेवणं आणि आगीत माणसांचं व मालमत्तेचं रक्षण करणं हे त्या कायद्याने पालिकेचं बंधनकारक कर्तव्य ठरवलं. 'बंधनकारक' हा शब्द महत्त्वाचा. बाग करायची की नाही हे पालिका ठरवू शकते, पण बंब ठेवायचा की नाही हे नाही.

हा विचार तेव्हा विलायतेतही तसा नवाच होता. लंडनमध्ये पूर्वी विमा कंपन्यांचे आपापले बंब असत. विमा उतरवलेल्या घरावर कंपनीचा धातूचा बिल्ला ठोकलेला असे. १८३३ मध्ये कंपन्यांनी आपली पथकं एकत्र केली आणि प्रमुख म्हणून जेम्स ब्रेडवुड याला आणलं. हा माणूस त्याआधी १८२४ पासून एडिंबरा शहराच्या दलाचा प्रमुख होता. माणसं निवडायची त्याची रीत मला फार आवडते. एडिंबरात त्याने गवंडी, सुतार, छपरं शाकारणारे असे लोक घेतले, कारण घर कसं बांधतात हे ज्याला ठाऊक, त्याला ते कसं कोसळेल हेही कळतं. लंडनमध्ये त्याने खलाशी पसंत केले. खलाशाला उंच चढायची, रात्री-अपरात्री उठायची आणि हुकूम पाळायची सवय. १८६१ साली टूली स्ट्रीटच्या आगीत अंगावर भिंत कोसळून ब्रेडवुड गेला. सरकारी कायद्याने चालणारं दल लंडनला त्यानंतर, १८६६ मध्ये मिळालं.

मुंबईच्या दलाची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती १४ एप्रिल १९४४ ला. आमच्या लहानपणी जुनी माणसं 'गोदीचा स्फोट' म्हणत तो हाच. युद्धाचे दिवस होते. 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे मुंबईला आलं आणि व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, त्यातच कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी, शिवाय लाकूड, तेल आणि सोन्याच्या विटा! दारूगोळ्याशेजारी कापूस, म्हणजे चुलीशेजारी गवताची गंजी. दुपारी धूर दिसला, बंब आले. जहाजाच्या पोटात नेमकं काय आहे याची पुरती कल्पना पाणी मारणाऱ्या सगळ्यांना असण्याचं कारण नव्हतं. ती माणसं डेकवर आणि धक्क्यावर उभी राहून पाणी मारत राहिली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. पार सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली. किती माणसं मेली याचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो आणि त्या दिवसापासून आठवडाभर सप्ताह पाळतात. शाळेत असताना मी त्या आठवड्यात मुलांना ही हकीगत सांगत असे. एकदा एका मुलाने विचारलं, "गुरुजी, ते पळाले का नाहीत?" उत्तर सोपं नाही. सगळे आगीपासून लांब पळतात तेव्हा काही माणसांनी आगीकडे जायचं असं समाजाने ठरवलेलं असतं आणि त्या माणसांनी ते मान्य केलेलं असतं. माझ्या मते अग्निशमन दल म्हणजे हा करार. लाल गाडी आणि घंटा त्यानंतर.

हा करार जुन्या काळात संपला असं मात्र नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला ताज हॉटेलच्या खिडक्यांना शिड्या लावून लोकांना उतरवणारे जवान आपण टीव्हीवर पाहिले. वर आग, आत बंदुकीच्या गोळ्या, आणि यांच्या हातात पाण्याचा पाईप. ९ मे २०१५ ला काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि इमारत कोसळली. त्या आगीने संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि स्वतः मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर असे चार अधिकारी घेतले. दलाचा प्रमुख टेबलामागे नव्हता, आगीसमोर होता. ब्रेडवुडची आठवण होते ती इथे.

एरवीही यांची कामं काही थोडीथोडकी नाहीत. पडलेली झाडं, अडकलेल्या लिफ्ट, गॅसची गळती, कोसळलेल्या इमारती, पुरात अडकलेली माणसं, आणि पतंगाच्या मांज्यात अडकलेला कावळासुद्धा! पंगतीत वाढपी जसा सगळ्यांचं पान बघतो, तसं हे काम. स्वतःचं पान शेवटी.

आता या कामाला माणसं कशी मिळतात ते पाहू. कोकणातला चाकरमानी मुंबईला गेला तो गिरणीत, गोदीत, पोलिसांत आणि फायर ब्रिगेडमध्येही. माझा एक विद्यार्थी असाच गेला. वर्गात तो शेवटच्या बाकावरचा, पण माडावर चढण्यात पहिला. सुट्टीवर आला की सांगायचा, "गुरुजी, माणूस ज्वाळेने कमी आणि धुराने जास्त मरतो. धूर भरला तर उभं राहून पळू नका, जमिनीलगत रांगत दाराकडे जा." एवढं एक वाक्य प्रत्येक घरात पाठ असावं असं मला वाटतं.

भरतीचं अलीकडचं मोठं उदाहरण मुंबईचंच. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दहिसरच्या मैदानावर ९१० अग्निशामकांची भरती झाली. अटी बघा. बारावी ५० टक्क्यांनी उत्तीर्ण, पुरुषांना उंची १७२ सेंटिमीटर, ८०० मीटर धावायचं ते तीन मिनिटांत, १९ फुटांवरून खाली धरलेल्या जाळीवजा चादरीत उडी, पन्नास किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन पळायचं. आमच्या मातीतली मुलं काटक खरी, पण उंचीला बेताची. १७२ सेंटिमीटर म्हणजे पाच फूट साडेसात इंचांच्या वर! अट असू नये असं मी म्हणत नाही, पण उंची मोजायच्या पट्टीशी कितीतरी चपळ पोरं गळतात हेही खरं. त्या भरतीत शेवटच्या दिवशी मुली मोठ्या संख्येने आल्या आणि उंचीच्या मोजणीवरून मैदानाबाहेर बराच गोंधळ झाला, तो वर्तमानपत्रांत आला होता. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. गावोगावच्या मुलींना हे काम हवं आहे. २००२ साली नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर या मुलीने प्रवेश घेतला तेव्हा तिथे मुलगी शिकल्याचं उदाहरणच नव्हतं. वीस वर्षांत मैदान भरलं!

आणि आता आमचं गाव.

गणपतीपुळ्यात आग लागली तर बंब बोलवायचा तो रत्नागिरी नगरपरिषदेचा, नाहीतर जवळपासच्या एखाद्या कारखान्याकडे हात पसरायचा. रत्नागिरी आरे-वारेच्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर. वळणं, चढ-उतार आणि सुट्टीत पर्यटकांच्या गाड्या. सगळं सुरळीत झालं तरी पाऊण तास धरावा. पेंढ्याच्या गंजीला पाऊण तास लागत नाही.

हे असं का? कुणाच्या दुष्टपणामुळे नाही. बंब शहराने शहरासाठी काढला आणि कायदाही त्याच वाटेने गेला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी बारावी अनुसूची आली. तिच्या १८ विषयांत 'अग्निशमन सेवा' आहे. ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात २९ विषय आहेत, पण अग्निशमन नाही. आग काही ग्रामपंचायत की नगरपरिषद असं विचारून लागत नाही, पण बंब विचारतो. शेजारच्या गोव्यात निराळी रीत आहे. तिथे अग्निशमन हे राज्य सरकारचं खातं आहे, ठिकठिकाणी केंद्रं आहेत आणि गाव की शहर हा प्रश्न येत नाही. गोवा लहान आणि आपण मोठे, हे कबूल. पण रत्नागिरी जिल्ह्यापुरता तरी तसा विचार करता येणार नाही का?

पूर्वी निभावलं ते विहिरीच्या जोरावर. आरडाओरडा झाला की वाडीतली माणसं कळश्या-हंडे घेऊन धावत, विहिरीपासून घरापर्यंत रांग लागे. वणवा असेल तर हिरव्या फांद्यांनी झोडपायचा आणि पुढचं गवत कापून पट्टा मोकळा करायचा. आज रांगेला माणसं कुठली? अर्धी घरं मे महिन्यात आणि गणपतीत उघडतात. होळीनंतर वाळलेलं गवत आणि पातेरा पेटायला भाजावळीची एक ठिणगी किंवा कुणी फेकलेलं विडीचं थोटूक पुरतं. वीस वर्षं वाढवलेली आंब्या-काजूची बाग एका दुपारी जाते. मालक मुंबईत, आणि रांगेत उभे राहायला आम्ही सत्तरीतले!

दुसरी बाजू पर्यटनाची. गावात आता लॉज, हॉटेलं, घरगुती निवास. प्रत्येकाच्या मागे गॅसच्या टाक्या. अंगारकीला तर पाय ठेवायला जागा नसते. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधाचा २००६ चा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून लागू आहे. ज्या इमारतींना तो लागतो त्यांच्या मालकाने आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यायचं असतं. भिंतीवरचा तो लाल नळकांडा शोभेचा नाही. तुम्ही कुठेही उतरलात तरी त्यावरची तारीख बघायला विसरू नका.

मग उपाय काय? मला एक उत्तर समुद्रावर दिसतं. इथे किनाऱ्यावर जीवरक्षक आहेत, स्थानिक मुलं. समुद्र त्यांना घरच्यासारखा ठाऊक, आणि बुडणाऱ्यांना बाहेर काढल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. बुडणाऱ्यासाठी रत्नागिरीहून माणूस येईपर्यंत थांबता येत नाही हे गावाला पटलं. जळणाऱ्याचंही तसंच आहे. मालगुंड, भंडारपुळे, वरवडे, नेवरे आणि आम्ही मिळून एक छोटी गाडी, तिच्यावर पाण्याची टाकी आणि पंप. मोठा बंब तसाही आमच्या पाखाड्यांत शिरणार नाही. वीस मुला-मुलींना रीतसर प्रशिक्षण आणि, हे महत्त्वाचं, रीतसर मानधन. इथे उंचीची अट नको. ब्रेडवुडने गवंडी आणि खलाशी घेतले, आमच्याकडे माडावर चढणारे आणि होडीवर जाणारे आहेत.

सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मुंबईला बंधनकारक असलेली गोष्ट गावाला निदान ऐच्छिक तरी असावी. ग्रामसभेत हा विषय लेखी द्यायचं मी ठरवलं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या गावात असा प्रयत्न झाला असेल तर खर्च किती आला, गाडी कुठून घेतली आणि मानधन कोण देतं, एवढं मला कळवा. अर्जाला जोडायला उपयोगी पडेल.