सांगाडा, इंजिन आणि कागद
घरी बांधलेल्या मोटारीचा आपल्याकडचा इतिहास

एखादी जुनी मोटार विकत घ्यायची, तिचे इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल, स्टिअरिंग उतरवून दुरुस्त करायचे, आणि हे सगळे नव्या हलक्या सांगाड्यावर बसवून आपल्या हाताने नवी मोटार उभी करायची, हा छंद इंग्लंडमध्ये सत्तर वर्षे रुजलेला आहे. अशा मोटारीला तिथे ‘किट कार’ म्हणतात. जिचे अवयव घेतले, ती जुनी गाडी म्हणजे ‘डोनर’. आपण तिला दाता गाडी म्हणू.

हा छंद मुंबईच्या उपनगरांत का रुजला नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे. मी मुलुंडचा. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना गॅरेजे, लेथची वर्कशॉपे आणि औद्योगिक वसाहतींतले गाळे पाहतच मी वाढलो. हात होते, हत्यारे होती, जुने भाग तर ढिगाने होते. मग अडले कुठे? आपल्याकडे घराला गॅरेज नसते, हे उत्तर चटकन सुचते. पण गाळा भाड्याने मिळत होता. खरे कारण जागेचे नाही, असे माझे मत आहे. ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

पेट्यांतून आलेल्या मोटारी

मुंबईत मोटारधंदा सुरू झाला तोच मुळी सुट्या भागांच्या जोडणीने. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला. परदेशातून पेट्यांत भरून आलेले भाग तिथे जोडले जात. फोर्डचेही काम याच पद्धतीने चाले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने १९४७ पासून गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्याच दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी माझगावला विलीज जीप अशाच जोडायला घेतल्या. म्हणजे या शहरातल्या कामगारांच्या पहिल्या पिढीला मोटार कळली ती जोडणीच्या अंगाने.

१९५३ साली, टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, सरकारने धोरण बदलले. ज्यांच्याकडे इथे उत्पादन करण्याची योजना नाही, त्यांनी नुसती जोडणी चालू ठेवू नये, असे ठरले. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या, प्रीमियर राहिली. देशी उद्योग उभा राहण्यासाठी ते आवश्यकही होते. मात्र त्या काळापासून मोटार बनवणे म्हणजे परवानाधारक कंपनीचे काम, ही कल्पना पक्की झाली.

पद्मिनी नावाची दाता

प्रीमियरने फियाट ११०० या इटालियन गाडीचे उत्पादन केले. १९७० च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घरोघर माहीत झाली. दाता म्हणून ही गाडी उत्तम. १०८९ सीसीचे, सुमारे चाळीस अश्वशक्तीचे इंजिन पुढे, लांबीच्या दिशेत बसवलेले. त्यामागे चार गिअरांचा बॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या चाकांना ताकद देणारा अॅक्सल. प्रत्येक भाग स्वतंत्र, बोल्टने जोडलेला.

टॅक्सीचे इंजिन थकले की ते उतरवत आणि ‘बांधत’. ब्लॉक रिबोर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालायचे, क्रँक ग्राइंड करून त्या मापाचे बेअरिंग बसवायचे, व्हॉल्व्ह घासून सीटवर बसवायचे, हेड वाकले असेल तर फेस करायचे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातून निघालेले भाग मिळत, आणि उरलेले काम जवळच्या लेथवर होई. विलायती छंदिष्ट जे पुस्तकातून शिकतो, ते इथल्या मिस्त्रीचे रोजचे पोट भरण्याचे काम होते.

आता तुलना पाहा. किट कारचा आदर्श मानली जाणारी कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन १९५७ साली आली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत फोर्डचे ११७२ सीसीचे इंजिन होते, आणि त्याची ताकदही चाळीस अश्वशक्तीच्या आसपासच होती. सेव्हन वेगवान होती ती हलकेपणामुळे. नळ्यांच्या सांगाड्यावर पत्रा चढवलेल्या त्या गाडीचे वजन पद्मिनीच्या जवळपास निम्मे होते. कुर्ल्याच्या इंजिनावर मुंबईची सेव्हन उभी राहायला यांत्रिक अडचण काहीच नव्हती.

इंग्लंडमध्ये जे जमले

इंग्लंडमध्ये हा छंद फोफावला तो कराच्या हिशेबाने. तयार मोटारीवर तिथे खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत संपली, तरी छंद टिकला. कारण घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी करण्याची वाट उघडी राहिली. १९९८ पासून एकेका गाडीची तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत सुरू झाली. वेगवेगळ्या वयाच्या भागांतून उभ्या राहिलेल्या, वय ठरवता न येणाऱ्या गाडीसाठी ‘क्यू’ अक्षराचा नंबरही असतो. थोडक्यात, एकट्या माणसाने बनवलेली मोटार असू शकते, हे त्या कायद्याने गृहीत धरले.

नंबर कुठे ठोकला आहे?

आपल्याकडे मोटारीची ओळख म्हणजे चासी नंबर. इथे एक बारकी गोष्ट महत्त्वाची ठरते. पद्मिनीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. इंजिन आणि अॅक्सल काढून घेतले तर ओळख मागे उरलेल्या पत्र्यातच राहते. मारुती ८०० चेही तेच. जीपचे तसे नाही. तिची शिडीसारखी चासी स्वतंत्र असते, तिच्यावर नवी बॉडी चढवली तरी नंबर तोच राहतो. आपल्या देशात हाताने बांधलेल्या गाड्यांत जीपच जास्त का दिसतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या नंबरात आहे.

अर्थात बदलांनाही मर्यादा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. नवीच गाडी नोंदवायची तर विक्रीचा नमुना २१ आणि उत्पादकाचा रस्तायोग्यतेचा नमुना २२ हवा. त्याआधी नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत नमुना गाडीची चाचणी हवी. ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्यासाठी आहे. धडक चाचणीत नमुना मोडतोच. एकच गाडी बांधणाऱ्याकडे मोडायला दुसरी नसते.

इचलकरंजी आणि देवराष्ट्रे

या भिंतीवर आपली माणसे आदळली नाहीत असे नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. १९४९ साली त्यांनी आपल्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ ते सुधारित नमुने बांधत राहिले. ‘मीरा’ नावाची ही गाडी बारा हजार रुपयांत देता येईल, असा त्यांचा हिशेब होता. उत्पादन मात्र कधीच सुरू झाले नाही. छोट्या मोटारीचे इरादापत्र १९७० साली संजय गांधी यांना मिळाले.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग आणि दुचाकीचे इंजिन वापरून, किक मारून सुरू होणारी जीप बांधली. खर्च सुमारे साठ हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नाही, हेही त्यांनी लिहिले. पुढच्याच महिन्यात लोहार यांना तिच्या बदल्यात बोलेरो मिळाली. दोघांमध्ये अर्धशतकाचे अंतर. एकाला परवाना मिळाला नाही, दुसऱ्याला शाबासकी मिळाली. रस्त्यावर यायची वाट दोघांच्याही मोटारीला नव्हती.

जे हातचे जात आहे

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची सद्दी संपली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आज कोहिनूर सिटी आहे. २०२१ च्या नियमांनी जुन्या गाड्या मोडण्यासाठी नोंदणीकृत केंद्रे आणली. प्रदूषणाच्या दृष्टीने ते योग्यच. पण दाता गाड्या आटल्या की त्या बांधणारे हातही आटतात. इंजिन ‘बांधणे’ हा शब्दच आता जुन्या मिस्त्रींच्या तोंडी उरला आहे.

वाट्टेल ती गाडी रस्त्यावर येऊ द्या, असे माझे म्हणणे नाही. वेल्डिंग सुटले तर जीव जातो, आणि तो बांधणाऱ्याचाच जाईल असे नाही. पण आपल्याच नियमांत नमुना २२-अ आहे. चासी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची असेल तर दोघांनी आपापल्या भागाची जबाबदारी सही करून घ्यायची, असा तो कागद. मोटार एकाहून अधिक हातांनी बनते, हे कायद्याला तिथे मान्य आहे. तेच तत्त्व पुढे नेऊन, वर्षाला मोजक्याच, वेग आणि वापराची मर्यादा घातलेल्या, न मोडता तपासलेल्या एकेकट्या गाड्यांसाठी एक नमुना काढता येईल. पेट्या उघडून मोटार शिकलेल्या शहराला हे अवघड वाटू नये.