नको, आत्ताच घेतला

नात सध्या जपानी शिकते आहे. परवा तिने मला 'ओकामाईनाकु' हा शब्द सांगितला. यजमान चहापाण्याच्या गडबडीला लागले की पाहुण्याने हे म्हणायचे. अर्थ, माझ्यासाठी काही करत बसू नका. मी म्हटले, "अगं, हे तर आमच्या चाळीतले 'कशाला उगाच, राहू दे'!"

गिरगावात आमच्या लहानपणी साखर रेशनवर मोजून मिळायची. १९६५ साली शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडायला सांगितले, तेव्हा आमच्याकडे सोमवारी रात्री स्वयंपाक होत नसे. आईची ताकीद असे, कुणाकडे गेलात तर आधी नको म्हणायचे. दुसऱ्यांदाही नकोच. तिसऱ्यांदा विचारले तर तो आग्रह खरा, मग अर्धा कप घ्यायचा. ज्यांच्या घरात साखर नसे ते दुसऱ्या 'नको'वर थांबत आणि कुणाचीच शोभा होत नसे.

पुढे मी लालबागला शाळेत नोकरीला लागले. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पगार बंद, वाण्याची उधारी तुंबलेली. कित्येकांनी बायकामुले गावी पाठवली. वर्गातला एक मुलगा येईनासा झाला म्हणून मी त्याच्या खोलीवर गेले. त्याच्या आईने लगेच स्टोव्ह पेटवायला घेतला. मी म्हटले, "नको हो, आत्ताच घेऊन आले." तिने पुन्हा विचारले, मी पुन्हा नको. घरची परिस्थिती दिसत होती, म्हणून तिसऱ्यांदाही मी नकोच म्हटले.

तिचा हात थांबला. म्हणाली, "बाई, संप गिरणीत हाय. आमच्या घरात नाय."

मी खाली बसले आणि गुळाचा कोरा चहा प्यायले.

मुलगा वर्ष पुरे न करताच कोकणात गेला. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि कितीतरी गिरण्यांच्या जागी आता टॉवर आहेत. पण पहिली दोन 'नको' पाहुण्याची असतात, तिसरे म्हणायचा त्याला हक्क नाही, हे मला त्या खोलीत कळले. आईने ते सांगितले होतेच, मला समजायला तिशी उलटावी लागली.

नातीला विचारले, "मग शेवटी चहा घेताना तुमचे जपानी काय म्हणतात?"

"इतादाकिमास. म्हणजे, आदराने स्वीकारते."