खोट्या तपासणीतून सापडलेला खरा आजार

आज आपण ज्या आजाराचा इतिहास बघणार आहोत, त्याचं नाव जरा लांबलचक आहे: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. सोपं करून सांगायचं, तर शरीराच्या स्वतःच्याच काही अँटिबॉडीज रक्ताच्या गुठळ्या करतात. त्यातून कुणाच्या पायाची शीर बंद होते, कुणाला ऐन तिशीत पक्षाघात होतो, कुणाचा गर्भ पुन्हा पुन्हा पडतो.

गंमत म्हणजे या आजाराचा माग लागला तो उपदंशाच्या, म्हणजे सिफिलिसच्या तपासणीतून. 1906 साली जर्मनीत वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तपासणी आणली. त्यांना वाटत होतं की आपण उपदंशाचा जंतूच ओळखतो आहोत. प्रत्यक्षात निरोगी अवयवाचा अर्क वापरला तरी तपासणी चालायची! त्या अर्कातला नेमका पदार्थ 1941 साली मेरी पँगबॉर्न यांनी गाईबैलांच्या हृदयातून वेगळा केला. तो एक फॉस्फोलिपिड होता. हृदयातून मिळाला म्हणून नाव पडलं कार्डिओलिपिन.

आता बघा, अमेरिकेत तेव्हा अनेक राज्यांत लग्नाआधी ही तपासणी सक्तीची होती, सैन्यातही होत होती. लाखो लोक तपासले गेले आणि लक्षात आलं, की काहींना उपदंश नसतानाही तपासणी ‘पॉझिटिव्ह’ येते. अशा निकालाचा एखाद्या तरुण मुलीसाठी काय अर्थ होत असेल, याचा विचार करा. पुढे 1950च्या दशकात मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माणसांचा पाठपुरावा केला. त्यांतल्या काहींना, विशेषतः स्त्रियांना, पुढे ल्युपस झाला. म्हणजे निकाल उपदंशापुरता खोटा होता, पण तो दुसरंच काहीतरी सांगत होता.

1952 साली कॉनली आणि हार्टमन यांना ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तात गोठण्याला विरोध करणारा घटक दिसला. त्याला पुढे ‘ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’ म्हणू लागले. हे नाव फसवं आहे. परीक्षानळीत हे रक्त उशिरा गोठतं, पण शरीरात मात्र गुठळ्या होतात. हा उलटा हिशेब जुळवून गुठळ्या, गर्भपात आणि या अँटिबॉडीज एका सूत्रात बांधल्या त्या 1983 साली, लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या गटानं.

इथून पुढे आशियाचा भाग महत्त्वाचा होतो. एक कोडं उरलं होतं: उपदंशातली अँटिबॉडी आणि या आजारातली अँटिबॉडी, दोन्ही कार्डिओलिपिनला चिकटतात, मग गुठळ्या एकीतच का? 1990 साली जपान, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलिया इथल्या तीन गटांनी उत्तर शोधलं. जपानच्या गटात मात्सुउरा होते. या आजारातल्या अँटिबॉडीला बीटा-2 ग्लायकोप्रोटीन-1 हे रक्तातलं प्रथिन लागतं. उपदंशातलीला लागत नाही. आजाराचे पहिले आंतरराष्ट्रीय निकषही 1998 साली जपानमधल्या साप्पोरोच्या परिषदेत ठरले, म्हणून त्यांना साप्पोरो निकष म्हणतात. 2006 साली त्यांत सुधारणा झाली: तपासणी किमान 12 आठवड्यांच्या अंतरानं दोनदा पॉझिटिव्ह यायला हवी. कारण साध्या संसर्गातही या अँटिबॉडीज काही काळ दिसतात.

पण आजार सगळीकडे सारखा दिसतो का? युरोपातल्या 1000 रुग्णांच्या 2002 सालच्या अहवालात सर्वांत जास्त आढळली ती पायाच्या खोल शिरेतली गुठळी, सुमारे 39 टक्क्यांत. पक्षाघात सुमारे 20 टक्क्यांत. होक्काइदो विद्यापीठाच्या 2012 सालच्या अभ्यासात मात्र सुमारे दोन तृतीयांश जपानी रुग्णांच्या गुठळ्या धमन्यांत होत्या, आणि त्यांत मेंदूचा पक्षाघात मुख्य. हा फरक का? एक संभाव्य कारण असं: शिरांतल्या गुठळ्यांचा धोका वाढवणारा ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’ हा जनुकीय बदल युरोपीय लोकांत बऱ्यापैकी आढळतो, पूर्व आशियात जवळजवळ नाहीच. पण सगळं उत्तर एवढ्यात संपत नाही. आणि जपान म्हणजे अख्खा आशिया नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडे मुंबईत, परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी वारंवार गर्भ गमावलेल्या भारतीय स्त्रियांमध्ये या अँटिबॉडीजचा शोध घेतला आहे.

हे सगळं रुग्णाच्या कामाचं कुठे येतं? 1997 साली लंडनमधल्या 90 स्त्रियांच्या चाचणीत नुसत्या अ‍ॅस्पिरिननं 42 टक्के, तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन मिळून 71 टक्के गरोदरपणं जिवंत बाळापर्यंत पोचली. पक्षाघात मात्र वेगळा विषय. 2018 साली इटलीतली रिव्हारॉक्सॅबान या नव्या गोळीची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण जास्त धोक्याच्या रुग्णांत जुन्या वॉरफरिनपेक्षा घटना जास्त झाल्या, विशेषतः धमन्यांतल्या. म्हणजे जिथे रुग्णांत धमनीच्या गुठळ्या जास्त, तिथे सोयीची गोळी निवडताना दहादा विचार करायला हवा.

म्हणून तरुण वयात पक्षाघात झाला, किंवा गर्भ पुन्हा पुन्हा गेला, तर नशिबाला किंवा त्या बाईला बोल लावण्याआधी ही रक्ततपासणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि पॉझिटिव्ह आली, तर 12 आठवड्यांनी पुन्हा करायला विसरू नका.