योजना होती, तरतूद नव्हती

मनोरुग्णांसाठी सरकारने किती खर्च करावा, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. स्वातंत्र्यापूर्वी एक वर्ष, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेविषयीचा अहवाल सादर केला. त्यासाठी रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी ठिकठिकाणची मनोरुग्णालये पाहिली होती. समितीचा हिशेब असा होता: भारतात सुमारे ४०,००० लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट, तर इंग्लंडात सुमारे ३०० लोकांमागे एक. विद्यार्थ्यांनी हे गुणोत्तर स्वतः काढून पाहावे.

इंग्लंडाइतक्या खाटा उभारणे आपल्याला परवडलेच नसते. सुदैवाने थोड्याच वर्षांत तशी गरजही उरली नाही. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले गेले आणि मनोविकारांच्या उपचाराची दिशाच बदलली. (आपल्या सर्पगंधेचा असा उपयोग गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच प्रसिद्ध केला होता, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते.) आता पुष्कळ रुग्ण घरी राहून उपचार घेऊ शकत होते. मात्र अशा औषधांनी बहुधा आजार आटोक्यात राहतो, समूळ जात नाही. गोळ्या थांबल्या की तो पुन्हा उलटण्याची शक्यता मोठी. म्हणजे खर्चाचे स्वरूपच बदलले. एकदा इमारत बांधून भागणार नव्हते. गावाजवळ औषध, ते देणारा माणूस आणि त्याचा पगार यांची सोय दरवर्षी करावी लागणार होती. इमारतीचे उद्‌घाटन करता येते, गोळ्यांच्या अखंड पुरवठ्याचे करता येत नाही!

हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातून जमेल का? १९७५च्या सुमारास चंडीगडच्या संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे आणि बंगळूरच्या निमहान्सने जवळच्या सकलवारा येथे ते करून पाहिले. केंद्रातल्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना थोडे प्रशिक्षण दिले, तर तीव्र मनोविकार आणि अपस्मार ते ओळखू शकतात व मोजक्या औषधांनी उपचार करू शकतात, असे दिसून आले. या अनुभवावर ऑगस्ट १९८२मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला. विकसनशील देशांत असा कार्यक्रम आखणाऱ्या पहिल्या काही देशांत भारत होता, ही अभिमानाची गोष्ट. पण त्या दस्तऐवजात खर्चाचा नीट अंदाज नव्हता आणि पैशाची तरतूदही नव्हती. माझ्या मते सारी गोष्ट इथेच अडली.

त्यानंतर कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात निमहान्सने हाच प्रयोग संपूर्ण जिल्ह्यापुरता केला. १९८१च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १५ लाख. जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांचे एक छोटे पथक, खाली प्रशिक्षित डॉक्टर आणि आरोग्यसेवक, केंद्रावर औषधे, अशी ती रचना होती. ती चालली. तरीही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून तिचा विस्तार सुरू व्हायला १९९६ उजाडले आणि सुरुवात झाली ती अवघ्या ४ जिल्ह्यांत. नवव्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी २८ कोटी रुपये मिळाले. पाच वर्षांसाठी, सबंध देशाला.

ज्यांच्यापर्यंत काहीच पोचले नव्हते, ते कुठे जात होते? ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खाजगी निवासात पहाटे आग लागली. रुग्णांना साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जणांचा मृत्यू झाला. घरच्या लोकांना निर्दयी ठरवणे सोपे आहे. पण जवळपास उपचार नसेल तर हतबल कुटुंबाने जायचे कुठे?

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. २०१७च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क मानला. तरी २०२३-२४च्या केंद्रीय अंदाजपत्रकात आरोग्य खात्याच्या रकमेपैकी जेमतेम एक टक्का थेट मानसिक आरोग्यासाठी होता. त्यातले सुमारे ७२० कोटी एकट्या निमहान्सला आणि सुमारे १३४ कोटी दूरध्वनीवरील समुपदेशन सेवेला मिळाले. जिल्हा कार्यक्रमाचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. तिथे तो इतर अनेक कामांशी स्पर्धा करतो.

निमहान्ससारखी संस्था हवीच. तिच्यामुळेच बळ्ळारी घडले. मागणी आहे ती जिल्ह्याच्या खर्चाला स्वतंत्र आणि दरवर्षी वाढणारी तरतूद मिळावी, ही. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला त्यांचे अंतर किती पडते, हे नकाशावर मोजता येईल. शाळेतल्या मुलांसाठीचे कामही जिल्हा कार्यक्रमात धरलेले आहे. आपल्या जिल्ह्यात या कार्यक्रमाची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि गेल्या वर्षी औषधे किती महिने उपलब्ध होती, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.