लष्करी वैद्यकसेवा आणि आपली घरे

मुलगा डॉक्टर झाला की पेठेत दवाखान्याची पाटी लावावयाची, हा आपल्या घरांतील जुना संकेत होय. लष्कराकडे सहसा कोणी वळत नाही. यंदा ज्ञातीतील एका कन्येने सैन्यात डॉक्टर होण्याचा हट्ट धरला, तेव्हा तिच्या पालकांनी आमचा सल्ला विचारला. त्यानिमित्त या सेवेचा पूर्वेतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले व आपले लोक पाश्चात्त्य वैद्यक शिकू लागले. लष्करात मात्र त्यांच्या वाट्यास बहुधा कनिष्ठ जागाच येत. अधिकारी दर्जाच्या वैद्यकसेवेची स्पर्धापरीक्षा १८५५ साली हिंदी उमेदवारांस खुली झाली आणि त्याच वर्षी बंगालचे डॉ. सूर्यकुमार चक्रवर्ती तीत उत्तीर्ण झाले. परंतु परीक्षा होती लंडनला! चक्रवर्तींनी आधीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला असल्याने त्यांना समुद्रोल्लंघनाचे भय नव्हते. इतरांस ते होते. सरकारने दार किलकिले केले, तर आपण ते आतून ओढून घेतले. विलायतेहून परतलेल्यास पंक्तीस घ्यावे की नाही, प्रायश्चित्त कोणते द्यावे, यावर ठिकठिकाणच्या ज्ञातिसभांनी किती रात्री जागविल्या! लिहिताना संकोच होतो. पण या सभा आपल्या संस्थेसारख्याच संस्थांच्या होत्या.

तरीही काही निघाले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर या सेवेत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यास पोचले. त्यांचा खरा ओढा वनस्पतींकडे होता. मेजर वामनदास बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९१८ साली प्रसिद्ध झाला. १९०९ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही हेच. सैन्यात गेला की माणूस विद्येस मुकला, असे म्हणणाऱ्यांनी एवढे एकच चरित्र वाचावे.

१९४३ साली निरनिराळे वैद्यकीय विभाग एकत्र करून सैन्याचे स्वतंत्र वैद्यकीय दल उभारण्यात आले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या मे महिन्यात, पुण्यास सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले व १९६२ पासून तेथे पदवीचे शिक्षणही मिळू लागले. लंडनची परीक्षा अशी आपल्या उंबरठ्याशी आली.

या दलाची एक हकीगत सांगितल्यावाचून राहवत नाही. कोरियाच्या युद्धात भारताने लढाऊ सैन्य न पाठविता लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालील ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे पथक पाठविले. १९५० च्या कडाक्याच्या हिवाळ्यात प्याँगयांगमधून माघार घेण्याचा हुकूम आला, पण सामान नेण्यास वाहने नव्हती. शस्त्रक्रियेची साधने टाकून गेल्यास जखमींना हात कशाने लावावयाचा? पथकाने एक जुने आगगाडीचे इंजिन शोधून काढले, रांग लावून बादल्यांनी त्यात पाणी भरले, आणि पूल उडविले जाण्यापूर्वी सारे सामान घेऊन गाडी दक्षिणेस आणली.

स्त्रियांविषयी थोडे. सैन्याच्या वैद्यकीय दलात स्त्री-डॉक्टरांना कायम नेमणुका १९५८ पासून मिळू लागल्या. पुण्याच्याच महाविद्यालयातून शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या, तर २०२४ साली सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन तिन्ही दलांच्या वैद्यकसेवेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या.

पालकांपासून आम्ही काही लपविले नाही. शिक्षणानंतर ठराविक वर्षे सेवेत राहण्याचे बंधन असते, बदल्या दूरदूरच्या होतात, आणि स्थळे पाहताना हे सारे आधी सांगावे लागते. आईचे डोळे भरून आले. वडील गप्प होते. आजोबांनी मात्र एवढेच विचारले की, पुण्याहून घरी यावयास किती तास लागतात?